नाव ठेवण्याचा अधिकार



मराठी भाषेत 'नाव ठेवणे' हा शब्दप्रयोग दोन अर्थांनी चालतो. पाळण्यातील बालकाला नाव ठेवतात, आणि ज्याला कमी लेखावयाचे त्यालाही नावे ठेवतात. इतरांच्या घरी या दोन निरनिराळ्या क्रिया होत्या. आमच्या घरी त्या शतकानुशतके एकच होत्या. धोंडी, दगडी, काळी, भिकी, केरी ही आमच्या आज्या-पणज्यांची नावे आहेत. जिला भागीरथी असे पुरते नाव मिळाले, तिलाही गावाने 'भागी' म्हणूनच हाक मारली. आणि त्याच गावातील दुसऱ्या आळीच्या भागीरथीला मात्र 'भागीरथीबाई' म्हटले. नाव एकच, पण एकीचे सन्मानाने उच्चारावयाचे आणि दुसरीचे मध्येच तोडून तिच्या अंगावर फेकावयाचे, ही त्या व्यवस्थेची रीत होती.

आता तुमच्या घरी मुलगी जन्माला आली आहे. तिचे नाव काय ठेवावयाचे, हा प्रश्न तुमच्यापुढे आहे. हा घरगुती प्रश्न आहे, त्यासाठी धम्म आणि हक्क यांची चर्चा करणाऱ्या पाक्षिकाचे रकाने कशाला खर्ची घालावयाचे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे आहे की, ज्यांनी आमच्यावर राज्य केले त्यांनी हा प्रश्न कधीही घरगुती मानला नव्हता. त्यांनी त्याचा कायदा केला होता.

मनूची नामावली

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ज्या मनुस्मृतीचे दहन झाले, तिचा दुसरा अध्याय उघडून पाहा. एकतिसाव्या श्लोकात ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक असावे, क्षत्रियाचे बलसूचक असावे, वैश्याचे धनसूचक असावे आणि शूद्राचे मात्र किळस यावी असे असावे, अशी आज्ञा आहे. म्हणजे बालकाने डोळे उघडून जग नीट पाहण्यापूर्वीच त्याच्या कपाळावर तिरस्काराचा शिक्का मारावयाचा, आणि तोही त्याच्या जन्मदात्यांच्या हातून! गुलामगिरीचा याहून स्वस्त कारखाना कोणता असेल? त्याला ना चाबूक लागतो, ना बेडी. बारशाच्या दिवशी आईच आपल्या लेकराला 'धोंड्या' म्हणते आणि काम भागते.

आम्ही त्या आईला दोष देत नाही. एकामागून एक मुले दगावत असता, घाणेरडे नाव ठेवले तर दृष्ट लागणार नाही व हे एक तरी जगेल, या आशेने तिने ते नाव ठेवले. औषध मिळाले नाही म्हणून तिने नावाचा आसरा घेतला. दोष आहे तो तिला औषध, अक्षर आणि पाणी नाकारून वर तिच्या या असहायतेलाच धर्म म्हणणाऱ्या शास्त्राचा.

स्त्रीसंबंधीचा नियमही त्याच ठिकाणी, तेहेतिसाव्या श्लोकात आहे. स्त्रीचे नाव उच्चारावयास सोपे, कानाला कठोर न वाटणारे, मनाला रमविणारे व शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे. विचार करा. नाव तिचे, पण ते गोड लागावयाचे कोणाला? ऐकणाऱ्याला. पुढे तिसऱ्या अध्यायाच्या नवव्या श्लोकात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प यांचे किंवा दासीपणा दर्शविणारे अथवा भीती उत्पन्न करणारे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये, असे सांगितले आहे. म्हणजे बापाने पाळण्याची दोरी हाती घेतली की, त्याच्या डोळ्यांपुढे मुलगी नव्हे, तर वीस वर्षांनंतरचा जावई उभा राहिला पाहिजे!

मनुस्मृती जाळली म्हणजे मनू मेला, अशा समजुतीत आपण राहू नये. सातारा जिल्ह्यात २०११ साली 'नकोशी', 'नकुशा' अशी नावे असलेल्या अडीचशेहून अधिक मुलींचा शोध लागला आणि जिल्हा प्रशासनाने समारंभ करून त्यांना नवी नावे दिली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतील दर हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८९४. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, हा आकडा ९१३ होता. म्हणजे ज्या मुलींचे नाव 'नकोशी' ठेवले गेले त्या निदान जन्माला तरी आल्या. बाकीच्यांना नाव मिळण्याचीही वेळ आली नाही. हा दोष कोण्या एका जातीचा आहे असे म्हणून कोणालाच सुटका करून घेता येणार नाही.

आमच्या घरातील पंचांग

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. कोणतेही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करविणार नाही, ही त्यांतील आठवी. त्यानंतरच्या पहिल्या पिढीने ती प्रतिज्ञा पाळण्यात आपले इमान ओतले. गावोगावच्या झोपड्यांतून, चाळींतून सुजाता, यशोधरा, विशाखा, आम्रपाली, संघमित्रा, गौतमी, प्रज्ञा, करुणा अशी नावे घुमू लागली. ज्या बापाला स्वतःची सही करता येत नव्हती, त्याने आपल्या मुलीचे नाव संघमित्रा ठेवले, आणि शाळेच्या हजेरीपटावर ते पुरते लिहिणे मास्तरांना भाग पडले. बंधूंनो, ही लहान क्रांती नव्हे. 'भागी' म्हणून अर्धे तोडावयाची सवय ज्या जिभांना होती, त्यांना चार अक्षरांचे नाव पुरते उच्चारावयास आपण शिकविले.

आज मात्र आमच्या शिकल्या-सवरलेल्या, नोकरीपेशातील घरांतून निराळाच प्रकार दिसतो. भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी असतात, आणि त्यांच्या खालीच बसून मुलीच्या जन्मनक्षत्रावरून आद्याक्षर काढले जाते. पुरोहित घरात येत नाही हे खरे. त्याचे काम आता हातातला मोबाइल करतो. मग त्या अक्षरावरून दोन-अडीच अक्षरांचे एखादे गुळगुळीत नाव निवडतात. त्याचा अर्थ विचारला तर आईलाही सांगता येत नाही आणि बापालाही नाही. उच्चाराला सोपे, कानाला गोड, शेवटी दीर्घ स्वर! मनूचे लक्षण तंतोतंत जुळले. ज्या ग्रंथाची आम्ही होळी केली, त्याच ग्रंथाच्या मापाने आम्ही आमच्या मुलीचे नाव बेतीत आहोत, याचे भान आम्हांस राहिलेले नाही.

काहींचे म्हणणे निराळे आहे आणि ते आम्ही गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, "संघमित्रा म्हटले की लोक जात ओळखतात. भाड्याने घर मिळत नाही. मुलाखतीच्या वेळी समोरच्याचा चेहरा बदलतो. आम्ही भोगले ते मुलीने का भोगावे?" या बोलण्यात वेदना आहे आणि ती खोटी नाही. परंतु आम्ही त्यांस विचारतो की, नाव बदलल्याने घरमालकाचे मन बदलले काय? तो नावावरून ओळखेनासा झाला तर आडनाव विचारील, आडनाव कळले नाही तर गाव विचारील, आणि गावाने भागले नाही तर भिंतीवरची तसबीर पाहील. मग तुम्ही तसबीरही उतरविणार काय? लपविलेल्या माणसाला प्रत्येक प्रश्नाची धास्ती असते. आपल्या मुलीला शिक्षणाबरोबर ही धास्तीही आंदण द्यावयाची काय, याचा निर्णय तुम्ही करावयाचा आहे.

१९२७ सालच्या त्या महाड परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण सांगणारी नेसण्याची पद्धत व दागिने टाकून देण्यास सांगितले, ही गोष्ट काहीजण येथे पुढे करतील. तेव्हा नीट पाहा. दुसऱ्यांनी लादलेली हीनतेची खूण टाकून देणे निराळे, आणि आपण होऊन स्वीकारलेली स्वाभिमानाची खूण लपविणे निराळे. धोंडी हे नाव टाकणे म्हणजे मुक्ती. संघमित्रा हे नाव लपविणे म्हणजे पुन्हा धोंडी होणे.

बलवान स्त्री म्हणजे कोण?

इतिहासातील पराक्रमी स्त्रीचे नाव मुलीला द्यावे असे म्हटले की, लोकांच्या डोळ्यांपुढे घोडा, तलवार आणि सिंहासन उभे राहते. राजमाता जिजाऊ आणि अहिल्याबाई होळकर यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे, आणि १८५७ च्या झाशीच्या लढ्यातील कोरी समाजाची झलकारीबाई हिचे नाव तर आमच्या घराघरांत जावे. परंतु सिंहासन सर्वांच्या वाट्याला येत नाही, आणि तलवार हे बळाचे एकमेव माप नव्हे. ज्यांच्या हाती काहीही नव्हते, ज्यांना बोलण्याचाच अधिकार नव्हता, त्यांनी केवळ बुद्धीच्या बळावर अन्यायाला प्रश्न विचारला. त्यांचे बळ आम्ही अधिक मानतो. अशा तीन स्त्रिया आम्ही तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली पुण्णा. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाच्या घरची ती दासीकन्या. तिच्या जन्माने शंभराचा आकडा पुरा झाला म्हणून तिला 'पुण्णा' म्हणजे 'पूर्णा' म्हणू लागले, असे पाली अट्ठकथेची परंपरा सांगते. म्हणजे तिचे नाव हे नाव नव्हतेच. तो मालकाच्या हिशेबातला आकडा होता. तिचे काम पाणी भरण्याचे. मालकिणींच्या माराच्या आणि शिव्यांच्या भयाने ऐन थंडीतही तिला नदीत उतरावे लागे. एके दिवशी तिने एका ब्राह्मणाला त्याच थंड पाण्यात कुडकुडत स्नान करताना पाहिले आणि विचारले, मी तर माराच्या भीतीने उतरते, तू कोणाच्या भीतीने उतरतोस? पाप धुण्यासाठी, असे तो म्हणाला. तेव्हा या दासीने त्याला जे विचारले, ते थेरीगाथेत आजही वाचावयास मिळते. पाण्याने पाप धुऊन जात असेल, तर बेडूक, कासवे, मासे हे सारे स्वर्गात गेले पाहिजेत. आणि पाणी पाप वाहून नेत असेल तर ते पुण्यही वाहून नेईल, मग तुझ्यापाशी राहील काय? ब्राह्मण निरुत्तर झाला. त्याने तिला वस्त्र देऊ केले. ते तिने नाकारले आणि त्याला बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जावयास सांगितले. पुढे ती स्वतः भिक्खुणी झाली.

वाचकहो, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी गोमूत्र व शेण घालून ते तळे 'शुद्ध' करून घेतले. पाण्याने माणूस शुद्ध होतो आणि माणसाने पाणी अशुद्ध होते, या दोन्ही भ्रमांचे उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वी एका पाणी भरणाऱ्या दासीने देऊन ठेवले होते. त्या पुण्णेचे नाव आमच्या किती मुलींना आहे? मालकाने दिलेल्या आकड्याचा तिने अर्थच पालटला. ती खरोखरीच पूर्ण झाली.

दुसरी महाप्रजापती गौतमी. सिद्धार्थाला वाढविणारी माता एवढीच तिची ओळख आपण मुलांना सांगतो. तिची खरी ओळख निराळी आहे. स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा अशी विनंती तिने कपिलवस्तूला तीन वेळा केली आणि तिन्ही वेळा तिला नकार मिळाला. तेव्हा ती रडत घरी बसली नाही. केस कापून, काषाय वस्त्रे धारण करून, शाक्य स्त्रियांसह ती पायी वैशालीपर्यंत गेली आणि सुजलेल्या, धुळीने माखलेल्या पायांनी दाराशी उभी राहिली. आनंदाने तिची बाजू मांडली आणि भिक्खुणी-संघ स्थापन झाला. ज्यांच्याविषयी तिच्या मनात परम श्रद्धा होती, त्यांच्याकडेही तिने आपला हक्क मागितला, आणि मिळेपर्यंत मागितला. श्रद्धा आणि हक्क यांत विरोध नाही, हे गौतमी हे नाव आम्हांस शिकविते. त्याच संघातील थेरींच्या गाथांनी थेरीगाथा हा ग्रंथ झाला. 'भारतीय स्त्रीच्या अवनतीला बुद्ध जबाबदार आहे' या आरोपाला बाबासाहेबांनी १९५१ साली महाबोधी मासिकात जे उत्तर दिले, त्यात या भिक्खुणी-संघाचाच आधार घेतला होता.

तिसरी आमच्या अगदी जवळची. मांग समाजातील मुक्ता, जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात चालविलेल्या शाळेची विद्यार्थिनी. वय सुमारे चौदा वर्षे. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. वेद जर आम्हांस वाचावयाचे नाहीत, तर आम्ही धर्मपुस्तकाविना आहोत. मग आमचा धर्म कोणता, असे तिने विचारले. जो धर्म एकाला भोग देतो आणि दुसऱ्याला दुःख, तो नष्ट व्हावा असे तिने लिहिले. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हेही तिनेच लिहिले. नागपूरच्या दीक्षेच्या एकशे एक वर्षे आधी एका चौदा वर्षांच्या मुलीने धर्मांतराचा मूळ प्रश्न विचारून ठेवला होता! तिचे नाव मुक्ता. मुलीच्या नावाला अर्थ असावा असे म्हणतात. हा पाहा अर्थ.

यात एक शंका येईल. सावित्री हे नाव तर पुराणातील पतिव्रतेचे, आणि भीमराव हे नावही महाभारतातून आलेले. मग नावाचा एवढा विचार कशाला? शंका रास्त आहे. परंतु आज 'सावित्री' म्हटल्यावर तुम्हांला यमाच्या मागे जाणारी पत्नी आठवते, की अंगावर शेण-दगड झेलीत शाळेकडे जाणारी शिक्षिका? ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावात जन्मलेल्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता मरण पावलेल्या त्या स्त्रीने ते नाव पुराणातून काढून इतिहासात आणले. नाव शब्दकोशातून येत नाही. ते धारण करणाऱ्याच्या कृतीतून येते. म्हणूनच आम्ही म्हणतो की, नाव निवडताना पंचांगातील अक्षर पाहू नका, त्या नावामागे कोणाचे जीवन उभे आहे ते पाहा.

नाव सोनूबाई आणि हाती हक्कसोडपत्र

आता आम्ही बापांना उद्देशून बोलतो, आणि ते त्यांना आवडेल अशी आमची अपेक्षा नाही.

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण दुसऱ्यांना लावतो. ती आता स्वतःला लावून पाहू. मुलीचे नाव यशोधरा ठेवावयाचे आणि दहावीनंतर मुलाला शहरातील महाविद्यालय व तिला घरकाम द्यावयाचे. मुलीचे नाव मुक्ता ठेवावयाचे आणि तिने स्वतःच्या पसंतीने विवाह करावयाचे म्हटले की दार लावून घ्यावयाचे. मुलीचे नाव सावित्री ठेवावयाचे, आणि बाप वारल्यावर तलाठ्याकडे जाण्यापूर्वी भावाने तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवावयाचा! १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि त्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला आहे. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या जयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालणारा भाऊ बहिणीची सही कोणत्या तोंडाने मागतो?

आणखी एक रीत पाहा. लग्नाच्या दिवशी ताटातील तांदळावर नवऱ्याने नवे नाव लिहावयाचे आणि त्या क्षणापासून मुलीचे जुने नाव पुसले जावयाचे. काही बौद्ध घरांतूनही ही रीत अद्याप गेलेली नाही. विवाहानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. ज्या नावाने ती शिकली, परीक्षा उत्तीर्ण झाली, ते मूठभर तांदळाखाली गाडून टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही. वरपक्षाने तशी मागणी केली तर आमच्या मुलींनी पुण्णेप्रमाणे उलट प्रश्न विचारावा: मी नाव बदलल्याने तुमचे घर शुद्ध होत असेल, तर तुमच्या मुलानेही बदलून पाहावे.

काय करावे

केवळ टीका करून आम्ही थांबत नाही. बालकाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. नाव तेव्हा ठरले नसेल तर बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, विवाहनोंदणी अशा अनेक कामी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. तेव्हा लिहिणाऱ्याने काना-मात्रा चुकविल्यास तेथल्या तेथे दुरुस्त करून घ्या. आमची नावे तोडून लिहिण्याचे दिवस संपले आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या शासकीय कागदपत्रांत आधी त्याचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, आणि शेवटी आडनाव, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. आईचे नाव तेथे येणे ही दया नाही, तो तिचा हक्क आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिण्यास कचरू नका. बौद्ध म्हटल्याने अनुसूचित जातीच्या सवलती जातील, ही भीती केंद्राच्या सवलतींपुरती १९९० पर्यंत खरी होती. त्या वर्षीच्या कायद्याने तिचे कारण उरलेले नाही.

आणि नामकरणाच्या दिवशी त्रिसरण-पंचशील झाल्यावर नाव आईने जाहीर करावे. आत्याने कानात कुजबुजून नव्हे, तर सर्वांस ऐकू येईल असे. ज्या स्त्रीचे ते नाव आहे, तिचे चरित्र घरातील शिकलेल्या मुलीने पाच मिनिटे सांगावे. बापाने त्याच सभेत उभे राहून, मुलीला मुलाइतके शिकवीन आणि मुलाइतकाच वाटा देईन, असे वचन द्यावे. ज्याची असे वचन देण्याची तयारी नाही, त्याने सावित्रीचे नाव घेऊ नये. त्याने पंचांगच उघडावे. ते त्याला शोभेल.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरास सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क व बहुपत्नीत्वास बंदी यांची मागणी करणारे ठराव तेथे झाले. त्या सभेत हजारो स्त्रिया होत्या, आणि त्यांतील कित्येकींना त्यांच्या आईबापांनी धोंडी, दगडी अशीच नावे ठेवली असतील. त्या नावांनिशी त्या उठल्या आणि त्यांनी हक्क मागितले. आज तुमच्या पाळण्यातील मुलगी नावाविना पडली आहे आणि ती तुमच्याकडे पाहत आहे. धोंडीने जे मिळविले ते तिच्या पणतीच्या नावात ऐकू आले पाहिजे, आणि त्या नावाची किंमत मोजावयास तुम्ही तयार असले पाहिजे.

जयभीम!